हिवाळी सहल: ठिकाण बदला, दिशा बदलू नका

दिवाळी आटोपली की माझा फोन जास्त वाजायला लागतो. "दादा, पुढच्या शनिवारी गाडी मोकळी आहे का? नाशिक, त्र्यंबक, शिर्डी आणि जमलं तर भंडारदरा. दोन दिवसांत होईल ना?" मी रबाळ्यात राहतो आणि टूरिस्ट परमिटची सात सीटची गाडी चालवतो. गाडी माझी, चालवणाराही मीच. माझ्या पार्ट्या बहुतेक इथल्याच: टीटीसी एमआयडीसीत पाळीत काम करणारे, ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांतले, गोठिवली-तळवलीतले. सुट्टी मोजकी, पैसे जपून खर्चायचे, सोबत आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं. म्हणून प्रत्येक घर आधी यादी करतं. यादीत सहा-सात ठिकाणं आणि प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली.

हिवाळ्यात ती यादी जशीच्या तशी पार पडत नाही. कुठे धुकं आडवं येतं, कुठे दिंडी, कुठे कांद्याचे ट्रॅक्टर. एक ठिकाण हुकलं की गाडीत नाराजी पसरते. मग राहिलेलं भरून काढायला "रात्रीच पुढे सरकू या" असा आग्रह सुरू होतो आणि खरा धोका तिथून सुरू होतो. बेत बदलणारच आहे, हे घरातून निघतानाच मान्य करा. तो का बदलतो आणि कधी बदलायचा हे कळलं, तर सहलही चांगली होते आणि माणसं सुखरूप घरी येतात. आमच्या बाजूच्या लोकांचा आवडता रस्ता नाशिकचा आहे, म्हणून त्याच रस्त्याच्या आधाराने सांगतो.

दिवस लहान, सकाळ उशिरा

आधी उजेडाचा हिशोब. मे महिन्याच्या शेवटी नाशिककडे दिवस तेरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरच्या शेवटी तो अकरा तासांवर येतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि संध्याकाळी सहानंतर थोड्याच वेळात अंधार पडतो. नदीकाठी किंवा धरणाजवळ धुकं असेल, तर उगवतीनंतरचेही दीड-दोन तास हातचे जातात. म्हणजे फिरायला मिळतात जेमतेम नऊ तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेली यादी हिवाळ्यात तशीच उचलली, तर शेवटची दोन ठिकाणं अंधारात जाणारच.

दुसरा हिशोब थंडीचा. रबाळं खाडीच्या काठावर, मागे पारसिकचे डोंगर. समुद्राचं पाणी रात्री हळूहळू निवतं, त्यामुळे आमच्याकडे पहाटेही फारसा गारठा नसतो. हवामान खात्याचे निकषही हा फरक धरूनच आहेत. थंडीची लाट जाहीर करायची तर सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली यावं लागतं, किनाऱ्यावर पंधरा अंशही पुरतात, आणि दोन्हीकडे ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेलं असावं लागतं. कसारा म्हणजे थळ घाट चढून इगतपुरीला आलं, की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर वर असतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशोबाने चार अंश तर नुसत्या उंचीनेच कमी होतात. बाकीचं काम कोरडी हवा आणि निरभ्र आकाश करतं. जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते, तिला अडवायला ढग नसतात. रबाळ्यातून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघालेली मुलं घोटीला चहासाठी उतरली की दात वाजवत परत गाडीत येतात, आणि स्वेटर असतो डिकीत सगळ्यात खालच्या बॅगेत. गरम कपडे मांडीवर ठेवा, हे मी निघतानाच सांगतो.

निघायचं कधी

रबाळ्याहून नाशिकला जायचे आमचे दोन रस्ते. एक ऐरोली, कळव्यावरून ठाण्याकडे. दुसरा महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव. पुढे माणकोली, वडपे, पडघा, शहापूर, खर्डी आणि कसारा. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, ट्रेलर याच रस्त्यावर असल्यामुळे सकाळी उशीर केला की पहिला फटका तिथेच बसतो. गारठा सुरू व्हायच्या आधीच बेत तासभर मागे पडलेला असतो.

म्हणून लोक म्हणतात, "मग तीनलाच निघू." तीनला निघालं तर ट्रॅफिक टळते खरी, पण घाट अंधारात आणि कदाचित धुक्यात चढावा लागतो, तोही अर्धवट झोप झालेल्या माणसाने. मी पाचला निघतो. शहापूर-खर्डीच्या पट्ट्यात चहा घेतो आणि उजाडलं की घाट चढतो. दोन्ही अडचणींच्या मधली ही वेळ आहे.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर ते भिवंडी रस्ता पूर्ण झाला. त्यात इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट तुंबला असेल तर आता आमच्या हातात पर्याय आहे. सिन्नर, शिर्डी गाठायला हा रस्ता उत्तम आहे. पण तो सरळ आणि एकसुरी आहे. समोर वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही. पहाटे अशा रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. वेळ वाचतो म्हणून झोप कमी करायची नसते.

निफाडच्या रस्त्यावरची सकाळ

बेत बदलणं म्हणजे काय, ते एका सकाळच्या गोष्टीवरून सांगतो. गेल्या जानेवारीत घणसोलीचं एक कुटुंब होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं. मुक्काम नाशिकला झाला होता. दुसऱ्या दिवसाची यादी अशी: उजाडता नांदूर मध्यमेश्वरला पक्षी, दुपारच्या आत शिर्डी, मग सिन्नरचं गोंदेश्वर, रात्री घर.

निफाडचा रस्ता धरला आणि शहर मागे पडताच धुकं लागलं. सुरुवातीला झाडं पुसट झाली. मग समोरच्या ट्रकचे दिवे दिसेनासे झाले. मग रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यांपैकी एकच दिसायची, तिच्या पुढची नाही. एक टपरी आली तशी गाडी रस्ता सोडून पूर्ण आत घेतली आणि म्हटलं, "काका, आता तासभर इथेच." मुलाचं म्हणणं पडलं की पक्षी पहाटेच दिसतात, आता थांबलो तर काय उपयोग? मी सांगितलं, की या धुक्यात तिथे पोचलो तरी पाणीही दिसणार नाही, पक्षी तर सोडाच.

निफाड हा नाशिक जिल्ह्यातला सगळ्यात गार पट्टा म्हणून ओळखला जातो. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या लाटेत पाच-सहा अंशांवर येतो, काही वर्षी त्याच्याही खाली. लोकांना वाटतं, डोंगरावर जास्त थंडी असली पाहिजे. पण गार हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती उतारावरून खाली येते आणि नदीच्या खोलगट भागात साचते. निफाडजवळ गोदावरी आहे, कादवा आहे, कालव्याचं पाणी पिणारी शेतं आहेत. जमिनीलगतची ओलसर हवा निवली की तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. तेच धुकं. ऊन चढून जमीन तापली की ते विरतं. त्याआधी त्याला घालवायचा काही उपाय नाही.

टपरीच्या मागेच द्राक्षबाग होती आणि बांधावर जागोजागी धूर निघत होता. आजोबांनी विचारलं, तसा बागवाला स्वतःच बोलावून घेऊन गेला. "या ना काका, बघा." बांधावर पालापाचोळा आणि छाटणीच्या काड्या पेटवल्या होत्या. एका बाजूला ठिबक चालू होतं. नातीने विचारलं, "थंडीत झाडांना पाणी का देता?" तो म्हणाला, "विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ताई. मुळाशी ऊब राहते. पारा फार उतरला तर मणी फुगत नाही, साखर भरत नाही, तयार मालाला तडे जातात." मग त्याने एक घड दाखवला. त्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन असं झालं की हिरवे मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीला चालत नाहीत, म्हणून ही जपणूक. मुलांनी कागद हळूच उघडला. आतले मणी थंडगार होते आणि त्यांच्यावर पांढुरकी लव होती. बागवाल्याने सांगितलं, ती बोटाने पुसू नका, तीच मालाची प्रत.

अशी बाग कोणाच्याच यादीत नव्हती. घरी जाताना नात सगळ्यात जास्त त्याच बागेबद्दल बोलत होती.

साडेनऊच्या सुमारास रस्ता दिसू लागला आणि आम्ही चापडगावला पोचलो. इथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. शंभर वर्षांत त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटं झाली, उथळ पाणथळ तयार झालं आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठरलं. गावातली तरुण पोरं दुर्बीण घेऊन पक्षी दाखवतात. उशीर झाला तरी चक्रवाक होते, थापट्या होत्या, तलवार बदकं होती, आणि लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या चरत होत्या. इथे अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. वरच्या धरणांतून शेतीसाठी आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी बदलते आणि पक्षी जागा बदलतात. म्हणून निघण्याआधी तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारलेलं बरं.

शिर्डी आजींची होती, ती सोडायची नव्हती. म्हणून पक्ष्यांचा वेळ कमी केला, दुपारी दर्शन घेतलं आणि गोंदेश्वर परतीच्या वाटेवर ठेवलं. उतरत्या उन्हात काळ्या बेसॉल्टवरचं कोरीव काम उठून दिसतं. गोंदेश्वर हे यादवकाळातलं भूमिज शैलीचं शिवमंदिर आहे. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांवर विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य यांची छोटी देवळं, असं पूर्ण पंचायतन तिथे आजही उभं आहे. आधीच्या बेताप्रमाणे तिथे भर दुपारी पोचलो असतो. बदललेल्या बेताने ते योग्य वेळी बघायला मिळालं.

रस्त्याचंही एक पंचांग असतं

धुकं तर दिसतं, पण हिवाळ्यात रस्ता अडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी कॅलेंडर बघितलं तर आधीच कळतात.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. ती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते. तिच्या आधीचे काही दिवस गावोगावच्या दिंड्या कडाक्याच्या थंडीत पायी चालत त्र्यंबकला जातात. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने म्हातारी माणसं चालत असतात. त्या दिवसांत दर्शनाचा बेत ठेवला तर रांगही मोठी आणि गाडीही लांब लावावी लागते. एक तर यात्रा म्हणूनच जा, नाही तर आठवडाभर पुढे ढकला.

शिर्डीला गुरुवारी गर्दी असते आणि ३१ डिसेंबरला मंदिर रात्रभर उघडं असतं. नाताळापासून नव्या वर्षापर्यंत तिथे खोली आणि पार्किंग दोन्ही मिळणं कठीण. मुंबई-ठाण्याहून पायी निघालेल्या साईंच्या पालख्याही याच रस्त्यावर भेटतात.

लासलगाव-पिंपळगाव भागात हिवाळ्यात लाल कांद्याची आवक असते. लिलावाच्या सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. आणि नोव्हेंबरपासून ऊस गळीत सुरू होतं. निफाड, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यात रात्री उसाच्या जोड-ट्रॉल्या चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो की रिफ्लेक्टर नसतो, आणि ऊस बाहेर आलेला असतो. धुक्यात अशी ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जागा उरलेली नसते. या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

उसाबद्दल आणखी एक. नाशिक आणि जुन्नर भागातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला "पाच मिनिटं थांबा" म्हणून लहान मुलांना उसाच्या कडेला उतरवू नका. पेट्रोल पंप येईपर्यंत थांबा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरात मोठी कामं निघाली आहेत. जो रस्ता गेल्या वर्षी वीस मिनिटांचा होता, तो यंदा तासाचा असू शकतो. नकाशातल्या वेळेवर जाऊ नका, रात्री हॉटेलच्या माणसाला विचारा.

थंडीत पाऊस आला तर

हिवाळी सहलीत छत्री कोणी घेत नाही. पण पश्चिमी झंझावात आणि बंगालच्या उपसागरातली वादळं डिसेंबरातही आपलं आकाश ढगाळ करतात. ढग आले की थंडी पळते, कधी पाऊसही येतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट होऊन द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला थंड पावसात पुणे आणि नगर जिल्ह्यांत मेंढपाळांच्या कितीतरी मेंढ्या दगावल्या. अशा दिवशी शेतात किंवा घाटात सहलीला हिंडणं बरोबर नाही.

त्या वेळी छपराखालची ठिकाणं कामाला येतात. पंचवटीतलं काळाराम मंदिर बघा आणि मुलांना सांगा की याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. दख्खनच्या लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाण्याबरोबर खनिजं उतरली आणि त्यांचे स्फटिक झाले. झिओलाइटचे हे रंगीत स्फटिक विहिरी आणि खाणी खणताना सापडतात. आमच्या रबाळ्या-महाप्याच्या मागच्या डोंगरातला दगडही याच जातीचा बेसॉल्ट. आपण रोज ज्या खाणींच्या कडेने जातो, त्याच खडकाच्या पोटात असं काही असतं, हे कळल्यावर मुलं घराजवळचा डोंगरही वेगळ्या नजरेने बघतात.

पाऊस थांबेना, किंवा निघायलाच दहा वाजले, तर नाशिकचा हट्ट सोडा. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये तीही रामसर यादीत गेली. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेवढी विचारून जा. हिवाळ्यात इथे हजारो रोहित उतरतात आणि कित्येक नवी मुंबईकरांनी ते अजून पाहिलेले नाहीत.

बेत बांधायचा कसा

इतकी वर्षं लोकांना फिरवून माझी एक रीत बसली आहे. ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

एका दिवसाला एकच ठिकाण पक्कं ठेवा. ते कोणाचं, हेही आधी ठरवा. आजीचं दर्शन असेल तर ते पक्कं, मुलांचे पक्षी असतील तर ते. बाकीची दोन-तीन ठिकाणं त्याच दिशेची आणि मोकळी ठेवा. वेळ उरला तर होतील, नाही तर सुटतील.

नाशिकच्या चार दिशा मनात पक्क्या करा. पश्चिमेला अंजनेरी आणि त्र्यंबक. पूर्वेला निफाड, नांदूर मध्यमेश्वर, लासलगाव आणि पुढे येवला. येवल्यात पैठणीचे माग आहेत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती मुक्तिभूमीही तिथेच. दक्षिणेला सिन्नर, तिथून शिर्डी. चौथी दिशा घोटीची: तिथून आत वळलं की भंडारदरा, बारी गाव आणि १६४६ मीटरचं कळसूबाई. सकाळी पूर्वेला गेलात आणि बेत फिसकटला, तर पूर्वेतलंच दुसरं काही बघा. पश्चिमेचं राहिलेलं त्र्यंबक त्याच संध्याकाळी गाठायला जाऊ नका. ठिकाण बदललं तर तासाभराचा प्रश्न असतो. दिशा बदलली की दिवस रस्त्यातच संपतो.

भंडारदऱ्याला एक दिवस वेगळाच द्या. त्र्यंबक-शिर्डीच्या यादीला "जमलं तर" म्हणून जोडलेलं भंडारदरा धड बघूनही होत नाही आणि सगळ्यांना दमवतं. धरणाकाठी तंबूत राहायचं असेल, तर म्हाताऱ्यांसाठी पक्क्या भिंतींची खोली घ्या. पाण्याच्या काठावर पहाटेचा गारठा हाडांत शिरतो.

निर्णय दोनदाच घ्या: रात्री जेवणानंतर आणि सकाळी निघताना. रात्री हवामान खात्याचा अंदाज बघायचा, सकाळी खिडकीबाहेर बघायचं. पांडवलेणी आणि गोंदेश्वर उजेडातच बघायची ठिकाणं, संग्रहालयांचा सुट्टीचा वार आधी विचारायचा. निर्णय कुटुंबातल्या एकाच माणसाने घ्यावा आणि ड्रायव्हरला विचारून घ्यावा. चालत्या गाडीत पाच जणांनी पाच फोनवर पाच रस्ते शोधले, की चालवणाऱ्याचं लक्ष उडतं.

गाडी आणि ती चालवणारा

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडं. थंडीत टायरची हवा कमी होते, म्हणून मुक्कामानंतर सकाळी हवा तपासा. धुक्यात अप्पर मारू नका. थेंबांवरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. डिपर आणि फॉग लाईट ठेवा, डाव्या कडेची पट्टी धरून हळू चला. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला वळणं कळत नाहीत. थांबायचं तर रस्ता पूर्ण सोडून थांबा. काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून बाहेरची हवा आत घ्या. सीएनजीची गाडी असेल तर टाकी अर्ध्यावर आली की भरा, रांग किती असेल ते सांगता येत नाही.

आता ड्रायव्हरबद्दल. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला आणि दिवसाला आठ तास कामाची मर्यादा आली. पण तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या संस्थांना लागू होता. एकट्याच्या गाडीला असा कुठलाच हिशोब नसतो. पाचला निघालेला माणूस रात्री अकरापर्यंत स्टिअरिंगवर असतो. पार्टी खोल्यांत जाते आणि कित्येक ठिकाणी ड्रायव्हरला झोपायला जागाच नसते. आठ-नऊ अंशांच्या रात्री मी गाडीत काचा लावून, पाय पोटाशी घेऊन झोपलो आहे. थंडीने दर तासाला जाग येते. त्याच डोळ्यांनी दुसऱ्या दिवशी धुक्यात तुमच्या मुलांना न्यायचं असतं.

म्हणून यंदा सहलीची यादी कराल तेव्हा पहिल्या ओळीत ठिकाणाचं नाव नको, ड्रायव्हरची झोप लिहा. हॉटेल ठरवतानाच विचारा, ड्रायव्हरला खाट आणि पांघरूण मिळेल का. नसेल मिळत, तर दुसरं हॉटेल बघा. रात्री नऊनंतर गाडी हलणार नाही, असं आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. आणि एखादं ठिकाण हुकलं, तर ते भरून काढायला गाडी पळवा असं कधीही म्हणू नका. त्र्यंबक तिथेच आहे, गोंदेश्वर तिथेच आहे, पुढच्या हिवाळ्यात परत जाता येईल.